मित्राच्या हातची गोळी : ओहायो स्टेट विद्यापीठातले मे २०२२ चे प्रकरण

४ मे २०२२, बुधवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्याची राजधानी कोलंबस. तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठात वसंत सत्र सरत आले होते. रविवारी, ८ मे रोजी, विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये पदवीदान समारंभ व्हायचा होता. बुधवारी संध्याकाळी कॅम्पसलगतच्या एका घरातून तीन विद्यार्थ्यांना तातडीने रुग्णालयात हलवावे लागले. त्यांतले दोघे दगावले, तिसऱ्याचा जीव वाचला.

गुरुवारी विद्यापीठाने सगळ्या विद्यार्थ्यांना इशारा पाठवला. शहराच्या आरोग्य खात्याचा हवाला देऊन त्यात म्हटले होते की ॲडरॉलसारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्या फिरत आहेत, त्यांत फेंटानिल, म्हणजे अफूच्या जातीचा अतितीव्र कृत्रिम पदार्थ, असावे असे दिसते, आणि त्यांच्यामुळे ओव्हरडोसचे व रुग्णालयात दाखल करावे लागण्याचे प्रकार वाढले आहेत.

त्या तिघांची नावे, त्यांचे विषय, त्यांची घरे यांत मी शिरणार नाही. ते दुःख त्यांच्या माणसांचे आहे. मला लिहायचे आहे ते ज्या गोळीबद्दल हा इशारा होता, तिच्या प्रवासाबद्दल. ॲडरॉल म्हणजे काही कोपऱ्यावर चोरून विकले जाणारे गर्द नव्हे. डॉक्टरांनी लिहून दिलेले, केमिस्टच्या काउंटरवरून मिळणारे, डबीवर रुग्णाचे नाव छापलेले ते औषध आहे. हा लौकिकच विद्यार्थ्याला गाफील ठेवतो. औषधाच्या दुकानावर असलेला विश्वास तो नकळत मित्राच्या हातावर टाकतो. पण गोळीमागे जी काही हमी होती, ती काउंटरपाशीच थांबलेली असते.

गोळी कसली

ॲडरॉलमध्ये ॲम्फेटामिनचे चार क्षार एकत्र केलेले असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला १९९६ मध्ये मान्यता दिली. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवता न येणे, सततची चुळबुळ आणि उतावीळपणा यांचा विकार, आणि नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसाढवळ्या आवरता न येणारी झोप, या दोन आजारांसाठी ते देतात. ज्याला एडीएचडी खरोखर आहे, ज्याचे निदान नीट झाले आहे आणि ज्याचा डोस डॉक्टर बघून ठरवतात, त्याच्यासाठी हे औषध आयुष्य मार्गी लावणारे ठरू शकते. हे ठासून सांगायला हवे, कारण अशा बातम्यांनंतर पहिला संशय त्याच मुलांवर येतो आणि काही जण घाबरून आपले उपचार सोडून देतात.

हे औषध मेंदूत डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनांचे प्रमाण वाढवते. झोप उडते, भूक मरते, नाडी आणि रक्तदाब चढतात, आणि समोरचे कंटाळवाणे कामही महत्त्वाचे वाटू लागते. अमेरिकी कायद्याने ते दुसऱ्या शेड्यूलमध्ये, म्हणजे वैद्यकीय वापर मान्य पण व्यसनाचा धोका मोठा अशा औषधांच्या यादीत, टाकले आहे. मॉर्फिन आणि वैद्यकीय वापराचे फेंटानिलही त्याच शेड्यूलमध्ये येतात. लायब्ररीत सहज पुढे केल्या जाणाऱ्या गोळीची कायद्याच्या लेखी जागा ही आहे.

विद्यार्थी आणि ॲम्फेटामिन यांची ओळख मात्र जुनी आहे. १९३० च्या दशकात हे रसायन बेंझेड्रीन या नावाने विकले जात होते. मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्रयोगांत ते वापरले गेले आणि रात्रभर जागवणारी गोळी म्हणून त्याची ख्याती कॅम्पसवर पसरली. १९३७ मध्ये तर परीक्षेसाठी या गोळ्या घेणाऱ्या विद्यार्थ्यांची बातमी अमेरिकी मासिक-साप्ताहिकांत येऊ लागली होती. त्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधल्या डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनसमस्या असलेल्या मुलांवर बेंझेड्रीनचा परिणाम नोंदवला. ती मुले या औषधाला ‘गणिताच्या गोळ्या’ म्हणत. आजार असलेल्या मुलाचे औषध आणि आजार नसलेल्या विद्यार्थ्याची जागरणाची गोळी या दोन्ही कहाण्या अशा एकाच वर्षी सुरू झाल्या, आणि त्या दोहोंतली सीमा तेव्हापासूनच पुसट आहे.

ती हातात कशी येते

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि याच्याबद्दलच सगळ्यात कमी बोलले जाते.

मेरीलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ मध्ये पहिल्या वर्षाला आलेल्या १,२५३ विद्यार्थ्यांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. चौथ्या वर्षापर्यंत ६१.८ टक्के विद्यार्थ्यांना कुणी ना कुणी अशी गोळी देऊ केली होती आणि ३१ टक्क्यांनी ती एकदा तरी घेतली होती. म्हणजे शिक्षण पूर्ण करता करता निम्म्याहून अधिक मुलांपुढे हा हात येतोच. त्याआधी २००१ मध्ये ११९ महाविद्यालयांतल्या १०,९०४ विद्यार्थ्यांच्या पाहणीत, आदल्या वर्षभरात डॉक्टरांशिवाय अशी औषधे घेणारे सरासरी ४.१ टक्के निघाले होते. पण सरासरी इथे फसवते. काही महाविद्यालयांत हे प्रमाण शून्य होते, काहींत २५ टक्के. प्रवेशाची चुरस जास्त असलेल्या संस्थांत ते अधिक होते, मुलांच्या फ्रॅटर्निटी संघटनांच्या सदस्यांत अधिक होते, आणि ज्यांचे गुण कमी होते त्यांच्यात अधिक होते. हुशार मुले आणखी पुढे जायला ही गोळी घेतात असा जो समज आहे, त्याला हा शेवटचा तपशील छेद देतो. मागे पडलेला, भेदरलेला, सबमिशन अंगावर आलेला विद्यार्थी तिच्याकडे आधी वळतो.

ओहायो स्टेटमध्येच उच्चशिक्षणातल्या दारू व अमली पदार्थांच्या गैरवापरावर काम करणारे एक राष्ट्रीय केंद्र आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या औषधांच्या गैरवापराची पाहणी ते देशभरच्या महाविद्यालयांत करते. २०१८ च्या पाहणीत सुमारे सहापैकी एका विद्यार्थ्याने उत्तेजक औषधे स्वतःच्या चिठ्ठीशिवाय घेतल्याचे सांगितले. बहुतेकांना ती मित्रांकडून मिळाली होती आणि बहुतेकांनी ती अभ्यासासाठी घेतली होती. म्हणजे चार वर्षांनी ज्या विद्यापीठात हा इशारा द्यावा लागला, त्याच विद्यापीठाच्या हाती हे आकडे होते. ज्ञान होते, मोजमाप होते, तरीही हे घडले. यात कुणाचा नाकर्तेपणा मी शोधत नाही. गोळीचा हा मार्ग प्रशासनाच्या नजरेतून किती सहज निसटतो, एवढेच मला यातून दिसते.

सुरुवातीला हा मार्ग खरोखर मित्राचाच असतो. वर्गातल्या एकाला एडीएचडीसाठी महिन्याला ठरावीक गोळ्या मिळतात. सुट्टीच्या दिवशी तो घेत नाही, चार-पाच शिल्लक राहतात. फायनल्सच्या आठवड्यात त्या चार-पाच गोळ्यांना भाव येतो. देणाऱ्याला आपण गुन्हा करतोय असे वाटत नाही, घेणाऱ्याला आपण नशा करतोय असे वाटत नाही. पण मागणी परीक्षेच्या दोन आठवड्यांत एकवटते आणि मित्राकडच्या गोळ्या संपतात. मग मित्राचा मित्र, त्याच्या ओळखीचा कुणी, फोनवरच्या एखाद्या चॅट ॲपवरचे खाते. सांगणारा अजूनही ‘माझ्याच माणसाकडून आणल्यात’ असे म्हणतो, आणि त्याचे ते म्हणणे प्रामाणिक असते. गोळी मधल्या कोणत्या टप्प्यावर बदलली हे त्यालाही माहीत नसते.

अस्सल ३० मिलिग्रॅमच्या एका प्रचलित गोळीचा रंग नारिंगी आहे. तिच्या एका बाजूला इंग्रजी बी अक्षर व ९७४ आणि दुसऱ्या बाजूला ३० असे कोरलेले असते. गोळ्या दाबण्याचे यंत्र आणि साचा हाताशी असला की हाच रंग, हाच आकार, हाच ठसा कुठल्याही पावडरीला देता येतो. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी प्रशासनाच्या सांगण्यानुसार या बनावट गोळ्यांचा मोठा पुरवठा मेक्सिकोतल्या सिनालोआ आणि हालिस्को या टोळ्यांकडून होतो आणि कच्ची रसायने प्रामुख्याने चीनमधून येतात. बनावट ॲडरॉलमध्ये बहुधा मेथॅम्फेटामिन, म्हणजे ॲम्फेटामिनचा जहाल भाऊबंद, सापडते, कधी फेंटानिल. नुसत्या डोळ्यांनी केमिस्टलाही फरक सांगता येईल याची खात्री नाही, मग रात्री दोन वाजता लायब्ररीच्या जिन्यात विद्यार्थ्याला तो कसा कळणार?

सप्टेंबर २०२१ मध्ये याच प्रशासनाने ‘एक गोळीही जीव घेऊ शकते’ अशा आशयाची मोहीम सुरू केली होती. त्यांच्या प्रयोगशाळेत तपासलेल्या फेंटानिलयुक्त बनावट गोळ्यांपैकी २०२१ मध्ये दहातल्या चार गोळ्यांत प्राणघातक ठरू शकेल इतका अंश होता. कोलंबसची घटना घडली त्या २०२२ मध्ये हे प्रमाण दहात सहा झाले, २०२३ मध्ये दहात सात.

शरीरात काय होते

फेंटानिल हेरॉइनच्या सुमारे ५० पट आणि मॉर्फिनच्या सुमारे १०० पट तीव्र असते. दोन मिलिग्रॅम, म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढी पूड, सवय नसलेल्या माणसाचा जीव घ्यायला पुरेशी ठरू शकते. सवय नसलेल्या, हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. वर्षानुवर्षे अफूजन्य पदार्थ घेणाऱ्याचे शरीर काही प्रमाणात त्याला सरावलेले असते. अभ्यासासाठी गोळी घेणाऱ्या विद्यार्थ्याने आयुष्यात कधी असला पदार्थ घेतलेला नसतो. त्याच्या बाजूने संरक्षण म्हणावे असे काहीच उरत नाही.

घरगुती यंत्रावर पावडर नीट मिसळली जात नाही. लाडू वळताना एका लाडवात चार बेदाणे जातात आणि दुसऱ्यात एकही जात नाही, तसे फेंटानिल या गोळ्यांत पडते. म्हणून एकाच पिशवीतल्या दोन गोळ्या दोघांनी घेतल्या तर एक ठणठणीत राहतो आणि दुसरा कोसळतो. ‘मी काल घेतली, मला काही झालं नाही’ हे वाक्य त्यामुळे काहीच सिद्ध करत नाही. पण घेणाऱ्याला धीर येतो तो याच वाक्याने.

श्वास घेण्याची आज्ञा मेंदूच्या मुळाशी असलेल्या केंद्रातून येते. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की हे केंद्र श्वास वाढवते. फेंटानिल तिथल्या ओपिऑइड ग्राहींना, म्हणजे अफूजन्य पदार्थ जिथे जाऊन बसतात त्या जागांना, चिकटते आणि केंद्राची ही जाणीवच बोथट करते. गुदमरतोय ही भावना होत नाही, धडपड होत नाही. श्वास लांबत जातो आणि थांबतो. बाहेरून माणूस गाढ झोपल्यासारखा दिसतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ आणि नखे निळसर-राखाडी पडतात, घशातून घरघर किंवा विचित्र घोरणे ऐकू येते.

परीक्षेच्या दिवसांत हा धोका आणखी वाढतो. तीन रात्री जागलेला रूममेट दुपारी चार वाजता अंथरुणावर पडून घोरतोय, यात कुणाला काय वावगे वाटणार? झोपू दे बिचाऱ्याला, असे म्हणून दार लोटून घेतले जाते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जुलै २०१९ ते डिसेंबर २०२१ या काळातल्या १० ते १९ वयोगटाच्या ओव्हरडोस मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. सुमारे ८४ टक्के मृत्यूंत बेकायदा बनवलेले फेंटानिल होते. सुमारे पाव प्रकरणांत बनावट गोळ्यांचा पुरावा मिळाला. आणि सुमारे दोनतृतीयांश प्रकरणांत जवळपास कुणीतरी होते, पण त्यांतल्या बहुतेकांकडून मदतीचे काहीच घडले नाही. हे शेवटचे वाक्य मी कितीदा वाचले तरी मन तिथेच अडते. शेजारच्या खोलीत माणूस होता. त्याला काय पाहायचे ते कुणी शिकवले नव्हते.

अस्सल गोळीने तरी काय साधते

समजा फेंटानिलचा प्रश्नच नाही. गोळी अस्सल आहे, मित्र खरा आहे. मग ती घ्यायला हरकत काय, असे विचारणारी मुले असतात, आणि हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ४६ निरोगी तरुणांवर एक चाचणी प्रसिद्ध केली. प्रत्येकाला एकदा ॲडरॉलमधलेच २० मिलिग्रॅम क्षार दिले आणि एकदा निव्वळ साखरेसारखी निरुपद्रवी गोळी. कोणती कधी हे त्यांना ठाऊक नव्हते. स्मरण, बुद्धिमापन, सर्जनशीलता, आत्मनियंत्रण अशा अनेक कसोट्यांवर एकूण फरक जवळजवळ पडला नाही. फरक पडला तो एका गोष्टीत: औषध घेतले त्या दिवशी आपली कामगिरी अधिक चांगली झाली, असे त्यांना स्वतःला वाटत होते.

२०२३ मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या चमूने ४० निरोगी व्यक्तींना मेथिलफेनिडेट, डेक्स्ट्रोॲम्फेटामिन, मोडाफिनिल ही उत्तेजक औषधे आणि निष्क्रिय गोळी वेगवेगळ्या वेळी देऊन एक कोडे सोडवायला दिले. मर्यादित वजनाच्या पिशवीत जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू कशा भरायच्या, असे ते कोडे होते. औषध घेतल्यावर लोकांनी अधिक वेळ घालवला, अधिक वस्तू आत-बाहेर केल्या, पण त्यांच्या हालचाली विस्कळीत झाल्या आणि उत्तरे सुधारली नाहीत. औषधाविना जे सरासरीच्या वर होते, ते औषधानंतर बऱ्याचदा सरासरीच्या खाली आले. जोर वाढला, नेम चुकला.

प्रयोगशाळेतले सोडून प्रत्यक्ष गुणपत्रिका पाहायची तर मेरीलंडच्याच गटाने ते केले. एडीएचडी नसलेल्या ८९८ विद्यार्थ्यांच्या गुणांची त्यांनी तुलना केली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला. जे या औषधांपासून लांब राहिले त्यांची सरासरी किंचित वाढली, ज्यांनी औषध घेणे सुरू केले किंवा चालू ठेवले त्यांची वाढली नाही. माझ्या मते यामागचे कारण गोळीत कमी आणि वेळापत्रकात जास्त आहे. सत्रभर तास बुडवायचे, शेवटच्या तीन रात्री नाइट मारायची आणि त्या रात्रींसाठी रसायन आणायचे, ही सगळी एकाच सवयीची टोके आहेत. गोळी त्या सवयीला आणखी एक सत्र चालवून घेते. झोपेत स्मृती पक्की होते हे शिकवणाऱ्या विषयाचा अभ्यास झोप मारून करणारे विद्यार्थीही असतात.

याची किंमत कोण मोजतो? हृदयाचे ठोके अनियमित होणे, चढलेला रक्तदाब, औषध उतरल्यावरची कोसळलेली मनःस्थिती, मग झोपेसाठी दुसरी गोळी. दारूसोबत तर वेगळेच संकट: ॲम्फेटामिन नशेची जाणीव दाबते, त्यामुळे किती प्यालो याचा अंदाज चुकतो. मनाच्या बाजूला धोका याहून गंभीर आहे. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, एडीएचडीसाठी रीतसर अशी औषधे सुरू केलेल्या किशोर व तरुणांपैकी साधारण ६६० मागे एकाला सायकोसिस, म्हणजे भास, संशय, वास्तवाशी तुटलेले नाते, असा त्रास झाला. ॲम्फेटामिन घेणाऱ्यांत हे प्रमाण मेथिलफेनिडेट घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालचे रुग्ण. २०२४ मध्ये बोस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयातल्या संशोधकांना आढळले की जास्त मात्रेत ॲम्फेटामिन घेणाऱ्यांत सायकोसिस किंवा उन्मादाची शक्यता पाच पटींहून अधिक होती. मित्राकडून ३० मिलिग्रॅमची गोळी घेणारा पोरगा पहिल्याच दिवशी अशा मात्रेपाशी पोचतो, जिथपर्यंत रुग्णाला नेताना डॉक्टर साधारणपणे पाच-दहापासून सुरुवात करून आठवडे घेतात.

इशाऱ्यानंतर

ओहायो स्टेटने इशारा दिला, समुपदेशनाची सोय केली, नॅलॉक्सोन, म्हणजे फेंटानिलसारख्या पदार्थांचा अंमल उतरवणारे औषध, आणि फेंटानिल ओळखणाऱ्या चाचणीपट्ट्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवण्यावर भर दिला. त्यावेळी ओहायोत या पट्ट्यांचा कायदेशीर दर्जाही संदिग्ध होता, अमली पदार्थांच्या साहित्यात त्या मोडू शकत होत्या. २०२३ च्या सुरुवातीला कायद्यात बदल करून राज्याने तो अडथळा काढला. त्याच वर्षी २९ मार्चला नॅलॉक्सोनचा नाकात मारायचा फवारा देशभर चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी मिळाली. मे २०२३ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सगळ्या उत्तेजक औषधांच्या वेष्टनावरचा चौकटीतला इशारा कडक केला आणि ही औषधे दुसऱ्याला देण्याच्या धोक्याचा त्यात स्पष्ट उल्लेख केला.

वेगळी वाट धरणारे एक उदाहरण त्याच्या आधीचे आहे. ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये, अभ्यासात सरस ठरण्यासाठी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय औषध घेणे, हा प्रकार कॉपीच्या बरोबरीने शैक्षणिक गैरवर्तनात धरला. यातला हेतू चांगला आहे, पण मला ही वाट पटत नाही. गोळी घेणे म्हणजे फसवणूक, असे म्हटले की त्यात ‘ही गोळी खरोखर फायदा देते’ ही कबुली दडलेली असते. शिवाय शिक्षेच्या भीतीने मुले गप्प बसतात, आणि या प्रकरणात गप्प बसण्याने माणूस मरतो. चाचणीपट्टी आणि नॅलॉक्सोन देणारा आरोग्य कक्ष मला त्याहून जवळचा वाटतो. पट्टीवरही विसंबून चालत नाही, हे मात्र सांगायला हवे. गोळीचा एक कोपरा तपासून दुसऱ्या कोपऱ्यातले कळत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲडरॉलचा देशभर तुटवडा जाहीर झाला. खऱ्या रुग्णांना औषध मिळेना. अशा वेळी चिठ्ठी असूनही रिकाम्या हाताने परतलेला विद्यार्थी दुसरीकडे विचारणा करतो. बनावट गोळी आता गैरवापर करणाऱ्यापुरती राहिली नव्हती.

आपली मुले

महाराष्ट्रातून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलांच्या बॅगेत आई औषधांची एक पिशवी भरतेच. तापाची, पोटाची, सर्दीची, आणि कधी ‘लागली तर’ म्हणून झोपेची किंवा घबराटीची. आपल्या घरांत गोळी एकमेकांना देणे हा आपुलकीचा भाग आहे. मला या गोळीने लगेच उतार पडला, तूही घे, असे शेजारणीने सांगितले तर आपण घेतो. हीच सवय घेऊन मूल परक्या देशातल्या वसतिगृहात पोचते. तिथे रूममेटने फायनल्सच्या आदल्या रात्री गोळी पुढे केली तर नकार देणे त्याला उद्धटपणाचे वाटते. आणि आपल्या पिशवीतली अल्प्राझोलामची स्ट्रिप मित्राला देताना आपण अमेरिकेत गुन्हा करतोय हे त्याच्या गावीही नसते.

भारतात ॲडरॉल विक्रीला नाही. मेथिलफेनिडेट मिळते, पण ते अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते. अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल, कोडीन यांसारखी औषधे मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ या कडक नोंदीच्या औषधांच्या यादीत आहेत. केमिस्टने डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षे जपायचे असते. तरीही छत्रपती संभाजीनगर, मालेगाव भागातल्या पोलिसांच्या कारवायांच्या बातम्यांत ‘बटन’ आणि ‘कुत्ता गोळी’ ही नावे वारंवार येतात, आणि त्या गोळ्या अशाच औषधांच्या असतात. एम्सने २०१९ मध्ये मांडलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के लोक डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय झोपेच्या व गुंगीच्या औषधांचा वापर करताना आढळले होते. फेंटानिलची लाट आपल्याकडे नाही. गोळीचा हातोहात प्रवास मात्र अगदी तोच आहे. इथल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे क्रमांक आहेत. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात औषधांच्या व्यसनाकडेही दारूइतक्याच गांभीर्याने पाहिले जाते.

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत एक भीती आणखी असते, ती व्हिसाची. ओहायोत चिठ्ठीशिवाय ॲडरॉल बाळगणे हा फेलनी, म्हणजे गंभीर, प्रकारचा गुन्हा आहे. परदेशी विद्यार्थ्याला अमली पदार्थांच्या प्रकरणात शिक्षा झाली तर देश सोडावा लागू शकतो. २०१६ पासून ओहायोत ओव्हरडोसच्या वेळी मदत मागणाऱ्याला बाळगल्याच्या छोट्या गुन्ह्यांपासून काही मर्यादेत संरक्षण देणारा कायदा आहे, पण तो राज्याचा कायदा आहे आणि त्याला अटी आहेत. म्हणून आपला विद्यार्थी फोन उचलण्याआधी दोनदा विचार करतो. त्याच्याशी याबद्दल आधीच, शांतपणे, घरातूनच बोलून ठेवले पाहिजे. एप्रिलच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला, जेव्हा तो फोनवर ‘झोप होत नाहीये’ म्हणतो, तेव्हा ‘अभ्यास झाला का’ याच्या आधी ‘कुणी गोळी देऊ केली का’ हे विचारता येते. विचारताना आवाज चढवायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. आणि मित्र कोसळला तर व्हिसाचा विचार नंतर करू, आम्ही तुझ्यासोबत आहोत, हे त्याला आपल्या तोंडून ऐकू आलेले असावे.

मित्र कोसळला तर काय करायचे, ती माहिती साधी आहे. मित्राला जोरात हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या पेरांनी घासा. तो जागा होत नसेल, श्वास मंद असेल, ओठ निळे पडले असतील तर ९११ या अमेरिकेतल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकाला फोन करा आणि तो बंद करू नका, पलीकडचा माणूस काय करायचे ते सांगत राहतो. नॅलॉक्सोन असेल तर एका नाकपुडीत एक फवारा मारा. ओपिऑइड नसेल तर त्याने इजा होत नाही, त्यामुळे खात्री होईपर्यंत थांबायचे कारण नाही. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, हृदय बंद पडल्यासारखे वाटले तर छाती दाबायला सुरुवात करा. स्वतः श्वास घेत असेल तर कुशीवर वळवा. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा फवारा दुसऱ्या नाकपुडीत मारा. तो डोळे उघडून ‘मी ठीक आहे, कुणाला सांगू नका’ म्हणाला तरी त्याला एकटे सोडायचे नाही आणि रुग्णालयात न्यायचेच, कारण फेंटानिलचा अंमल नॅलॉक्सोनपेक्षा जास्त वेळ टिकू शकतो, आणि तासाभराने श्वास पुन्हा मंदावू शकतो.